एकशेवीस पावलं

अकराला महापौरबाई फलकाचं अनावरण करायला येणार होत्या, आणि पावणेअकराला मोजणीदारांच्या लक्षात आलं, की शहरातल्या पहिल्या घराची जागा चुकली आहे.

लक्षात आणून दिलं ते माळीणबाईंनी. चौकातल्या जुन्या विहिरीवर आता लोखंडी जाळी होती, भोवती गोल बाग होती. तिथे उभे राहून मोजणीदार हातातला कागद शेवटचा एकदा वाचत होते. जुन्या दप्तरात सापडलेला अर्ज, शहरात पहिल्यांदा घर बांधणाऱ्या बाईच्या मुलाने केलेला. वाचताना ओठ हलवायची त्यांची सवय साऱ्या कचेरीला ठाऊक होती. आज ओठांबरोबर आवाजही निघाला.

"'या माळावर माझी आई पहिली आली. तिचे घर विहिरीपासून उगवतीकडे, तिच्या एकशेवीस पावलांवर. पाणी आणताना ती मोजत असे.'"

"मग बँकेपर्यंत कशी जाईल ती?" मागून माळीणबाई म्हणाल्या. त्या नळाखाली प्लास्टिकचा हंडा लावून बसल्या होत्या. "भरला हंडा डोक्यावर घेऊन तुमच्यासारख्या ढांगा टाकता येतात होय, साहेब?"

मोजणीदारांनी पाऊल अडीच फुटांचं धरलं होतं. एकशेवीस गुणिले अडीच, तीनशे फूट. तिथे नेमक्या बँकेच्या चकचकीत पायऱ्या आल्या, बँकेने आनंदाने फलकासाठी फरशी दिली, कोरणावळ दिली, मांडवही घातला. सगळ्यांचं सगळं छान जमून आलं. अर्जातलं शेवटचं वाक्य मोजणीच्या कामाचं नाही म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

"तुमचं पाऊल केवढं पडतं?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी पावलं मोजते, फूट नाही."

"तुम्हीही मोजता?"

"मोजल्यावर मान कमी दुखते. एवढी झाली, एवढी राहिली, असं डोक्याला सांगत राहायचं." एवढं बोलून माळीणबाईंनी नळ बंद केला.

तेहेतीस वर्षांत मोजणीदारांची एकही मोजणी फिरली नव्हती. भाऊ-भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले, तरी त्यांची फीत जमिनीला टेकली की गप्प व्हायचे. येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणात काय ऐकायला मिळणार, हे त्यांना तोंडपाठ होतं: 'एका बोटाची चूक नाही.' ही चूक शंभरेक फुटांची निघत होती. बरं, ती कळली होती फक्त एका माळीणबाईला, आणि तिचं लक्ष गुलाबांकडे होतं. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं.

त्यांनी कागदाची घडी केली. खिशात घातली. पुन्हा काढली.

"बाई, हंडा उचला," ते म्हणाले. "काठोकाठ भरून. आणि रोजच्यासारखं चाला. माझ्याकडे बघू नका."

बँकेचे मॅनेजर मांडवातून धावत आले. "अहो मोजणीदार, हे काय चाललंय? गाडी आली त्यांची!"

"येऊ द्या. जागा चुकलीय."

"आज? आत्ता? फरशी बसलीय!"

"फरशी काढता येते."

"आणि कुणी चुकवली म्हणून सांगू?"

"मी," मोजणीदार म्हणाले. हा शब्द सरकारी कामात त्यांनी पहिल्यांदाच वापरला असावा, कारण तो जरा मोठ्याने निघाला. गाडीतून उतरणाऱ्या महापौरबाईंनीही तो ऐकला.

त्यांनी काय झालं ते विचारलं. मोजणीदारांनी तीन वाक्यांत सांगितलं, त्यातलं एकही स्वतःला वाचवणारं नव्हतं. महापौरबाईंनी मांडवाकडे पाहिलं, कॅमेऱ्यांकडे पाहिलं आणि मग हंड्याखालच्या माळीणबाईंच्या ताठ मानेकडे पाहतच राहिल्या.

"चला," त्या म्हणाल्या.

वाहतूक थांबवायला कुणी सांगितलं नाही, ती आपोआप थांबली. पुढे माळीणबाई, हात मोकळे, हंडा जागच्या जागी, ओठांत आकडे. मागे मोजणीदार, महापौरबाई आणि त्यांच्यामागे तोंड कडू झालेले मॅनेजर. औषधाचं दुकान गेलं. बसथांबा गेला. माळीणबाईंची पावलं अशी एकसारखी पडत होती, की मोजणीदारांनी खिशातली फीत बाहेर काढलीच नाही. मोजणी म्हणजे आपलंच काम, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं.

"...एकशेअठरा, एकोणीस, वीस." माळीणबाई थांबल्या.

बँक अजून बरीच पुढे होती. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, एका खणाचं. पायरीवर जुने टायर, साखळ्या, हवेचा पंप. आत चाक फिरवत बसलेला सायकलवाला एवढी माणसं दारात बघून तेलकट हातांनी उभा राहिला.

"इथे?" मॅनेजर म्हणाले. "लोक हसतील हो."

कुणी हसलं नाही.

"अहो, उतरवा की कुणीतरी!" माळीणबाई म्हणाल्या. "उभं राहिलं की जड होतो हा."

मोजणीदार पुढे होईपर्यंत महापौरबाईंनी दोन्ही हात वर करून हंडा घेतला होता. पाणी हिंदकळलं, कडक इस्त्रीच्या साडीवरून खाली ओघळलं. इतका जड असेल असं त्यांना वाटलं नसावं. त्या ओणव्या झाल्या आणि पायरीवरची जागा शोधू लागल्या.

सायकलवाल्याने घाईघाईने पायाने टायर बाजूला सारले.

"तिथे नको, ताई. दारात पायात येतो," तो म्हणाला. "आत घेऊन या."