खेजडीची लाल पट्टी

वाळवंटातल्या देवीच्या रानात तेल कंपनीचा सर्व्हेअर खेजडीच्या झाडांना लाल पट्ट्या बांधत होता. पट्टी बांधलेलं प्रत्येक झाड उद्या बुलडोझरखाली जाणार होतं. तेलाची विहीर खणायची, तर मध्ये झाडं कशाला?

मेंढ्यांमागून आलेली म्हातारी कौतुकानं बघत राहिली. या रानातली काडीही कोणी मोडत नाही. झाडाला चिंधी बांधतात, ती नवसाची.

"शहरातला असून मानतोस. कुणासाठी मागितलंस, बेटा?"

"पोरीसाठी," तो खोटं बोलून गेला.

म्हातारीनं ओढणीची कड टर्रकन फाडून त्याच्या पट्टीशेजारी बांधली. "माझाही नवस तुझ्या लेकीसाठीच धर."

त्याला स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटलं. तो पट्टी सोडू लागला, तशी तिनं हात धरला.

"वेडा का रे? नवस पुरा होईपर्यंत गाठ सोडत नसतात."