सोळावे दार

“कोण?” दारामागून प्रश्न आला.

“मी,” सहदेवकाका म्हणाले. त्यासरशी त्याच दारातून एक शांत, सुसंस्कृत आवाज उमटला: ‘घर सोडणारी बाई भाड्याच्या खोलीतच मरते.’

काकांनी घंटेवरचा हात मागे घेतला. “म्हणजे हे मी बोललो, असं होतं?”

“तेच तर, काका,” संचिता म्हणाली. “कोण विचारलं की आपल्याकडे सगळे ‘मी’च म्हणतात. नाव कुणी सांगत नाही.”

ठाण्याच्या एका कलादालनात संचिताने सोळा फ्लॅटची दारे उभी केली होती, घंटा आणि सेफ्टी डोअरसकट. प्रत्येक दारामागे एका स्त्रीला अनोळखी खात्यांवरून आलेले निरोप होते. पंधरा जणींची संमती हाती आली होती. सोळावे दार समीक्षाचे, काकांच्या मुलीचे. तीन वर्षांपूर्वी ती कळव्याचे घर सोडून गेली, ती पुन्हा दिसली नाही. जुना फोन मागेच राहिला, त्यातून उतरवले, असे सांगून काकांनी एकेचाळीस निरोप आणून दिले होते. तारीखवार, भोके पाडून फाइलला लावलेले.

द्वेषाचे इतके नेटके दप्तर संचिताने बारा वर्षांच्या संशोधनात पाहिले नव्हते. तिने त्याला वडिलांचे प्रेम म्हटले. मानपाड्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये परतणाऱ्या अभ्यासकालाही कधीतरी वडील हवे असतात.

“आधी खाऊन घे गं,” काकांनी डबा पुढे सरकवला. “वालाचं बिरडं आहे.”

“एकट्यासाठी वाल सोलत बसता?”

“दोघांचं करायची सवय सुटत नाही.” त्यांनी डब्याचे झाकण उघडले. “तिचा काही पत्ता?”

हे ते रोज विचारत. आज मात्र उत्तर होते. समीक्षाच्या एका मैत्रिणीने तिचा ईमेल दिला होता, आणि बोलता बोलता गावही सांगितले होते. संचिताने सकाळीच ती सगळी फाइल पाठवून संमती मागितली होती. संमतीशिवाय एकही वाक्य प्रेक्षकांपर्यंत जाणार नाही, हा तिचा नियम होता. पत्त्यांसाठीही नियम करावा, हे तिला सुचले नव्हते.

काकांचे डोळे भरून आले.

“अहो काका, रडू नका ना. खडवलीला असते ती. स्टेशनजवळ, अंगणवाडीच्या मागे. पण मी सांगितलं म्हणू नका हां.”

काकांनी डोळे पुसले, डबा झाकून पुन्हा पिशवीत घातला. “रिकाम्या हातानं कसं जायचं? तू आज बाहेरचं काही खा.”

“निदान तिला विचारून तरी जा.”

“बापानं लेकीकडे जाताना विचारायचं असतं का गं?”

ते गेले. सोळा बंद दारांमध्ये संचिता एकटीच उरली. उपाशीही. कुणाच्या तरी घरी आज दोन पाने वाढली जातील, या विचाराने तिला बरे वाटले. थोडा हेवाही वाटला.

अर्ध्या तासाने समीक्षाचे उत्तर आले.

‘संमती आहे. एक दुरुस्ती करा. मला निरोप एकोणतीसच आले. घर सोडण्याच्या आदल्या दिवशी मी ते खातं ब्लॉक केलं. नंतरचे बारा त्या फोनवर पोचलेच नाहीत. ते फक्त लिहिणाऱ्याकडे असू शकतात. मी कुठे राहते, ते बाबांना कळू देऊ नका.’