लांबट फूल

हे लिहून ठेवायचं नाही असंच जवळपास ठरलं होतं. आहे काय यात, तर एक बसकं फूल. पण ते काही केल्या पिच्छा सोडेना.

तर किडा स्क्रीनला नाक लावून बसला होता. सगळे त्याला किडाच म्हणायचे. कॉम्प्युटर त्याला कुणी शिकवला नव्हता, नुसता चावला होता. समोर भरतकामाच्या मशीनची फाइल उघडी. अशा फाइलीत चित्र नसतंच. सुई इथे टोच, आता तिथे टोच, एवढंच. त्या टाक्यांच्या रेघा करायच्या, म्हणजे स्टिकरवाला त्या हव्या तेवढ्या मोठ्या कापू शकतो. त्यासाठी किड्याने स्वतःच प्रोग्रॅम लिहिला होता.

फाइल होती काकूंच्या गोल फुलाची. प्रत्येक कामाच्या कोपऱ्यात त्या ते भरायच्या. आज काकू आपलं भरतकामाचं दुकान मुलाच्या हातात देणार होत्या, आणि ते फूल दुकानाच्या काचेच्या दारावर लागणार होतं. काकूंना याचा पत्ता नव्हता.

पण स्क्रीनवर फूल निघालं लांबट. वरून कुणीतरी बसून गेल्यासारखं.

"तुझंच काहीतरी चुकतंय," बटण म्हणाला. बटण म्हणजे काकूंचा मुलगा, किड्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो मशीन चालवायचा, डिझाइन मात्र काकूच करायच्या. आत्ता तो स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ उतरवत होता. "माझी आई एक टाका इकडचा तिकडे होऊ देत नाही."

"अरे, सकाळपासून तपासतोय!"

"सकाळपासून? तू 'निघालोच' म्हणालास तेव्हा ओतलेला चहा आता मांजरसुद्धा पिणार नाही."

घड्याळ कायम पुढे असायचं. शाळेत बटण रोज उशीर करायचा, म्हणून काकूंनीच ते पुढे केलेलं. "एवढा घोडा झालो तरी मातोश्रींचा माझ्यावर विश्वास नाही," बटण कुरकुरला. "मालक म्हणून पहिलं काम हेच. घड्याळ वेळेवर आणायचं."

किड्याने काकूंच्या आणखी फाइली उघडल्या. गोल म्हणून काढलेलं सगळं लांबट. सगळं आडवंच ताणलेलं. म्हणजे प्रोग्रॅम बरोबर होता. चुकत काकू होत्या, तेही इतकी वर्षं. गुपचूप गोल करून टाकावं असं त्याच्या मनात आलं. कुणाला कळणार होतं? पण मित्राशी लपवाछपवी त्याला जमेना.

"बटण, फाइलच लांबट आहे रे."

बटण घड्याळ हातात घेऊन तसाच खाली उतरला. चेहरा पडलेला. मग घड्याळ बाजूला ठेवून त्याने कापडाचा एक तुकडा रिंगमध्ये ताणला, तीच फाइल मशीनला दिली आणि ते चालू केलं. सुई खडखडत सुटली. थांबली तेव्हा कापडावर फूल होतं. गोल. नाण्यासारखं गोल.

दोघं बघतच राहिले. बटणाने फुलावरून बोट फिरवलं. सगळे टाके आडवे होते. प्रत्येक टाका कापडाला जरासा आत ओढत होता.

"कापड ओढलं जाणार, हे तिला माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "म्हणून तेवढं आधीच वाढवून ठेवलं."

मग त्याने घड्याळ उचललं. काट्यांकडे बराच वेळ पाहिलं. आणि हात न लावता ते होतं तसं, पुढेच, भिंतीवर परत लावून टाकलं.

किड्याने घसा खाकरला. "काच काही ओढली जायची नाही. दारासाठी गोल करू?"

"नको. गोल फूल सगळ्या गावाने पाहिलंय. लांबट फक्त आईने. ते बघितल्यावर तिला कळेल, आपण फाइल उघडून पाहिली ते."

एवढ्यात स्टिकरवाल्याने दारातून डोकं आत घातलं. "द्या फाइल पटकन! पाचला पाहुणे येतात ना? त्याआधी चिकटवायचंय मला."

"पाचला?" किड्याने गर्रकन मान वळवली. "बटण्या, मला तर कार्यक्रमाला चारला ये म्हणालास!"

बटण एकदम घड्याळाची काच पुसायला लागला. काचेवर धूळ नव्हती. कान मात्र लालबुंद झाले होते.

किडा उठला. बटणाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि गळ्यात हात टाकला.

"घाबरू नकोस, दोस्ता. शब्द देतो. नेहमीइतकाच उशिरा येईन."