हात

“डॉक्टरीणबाई, आत उंदीर शिरलाय का? केव्हाचं काहीतरी ओढताय,” पडद्यापलीकडून ड्यूई म्हणाला.

ड्यूई कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. जांघेतल्या हर्नियासाठी टेबलावर आडवा होता. कमरेखालचं सगळं बधिर केलं होतं, तोंड मात्र चालू होतं.

“उंदीर नाही, तू काल नाश्त्याला हाणलेली बिस्किटं-ग्रेव्ही सापडलीत,” डॉ. नेडीन कटलिप म्हणाल्या. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगराळ भागात निम्म्या घरांतल्या कुणा ना कुणाच्या पोटावर कटलिपबाईंचा टाका होता.

त्यांच्यासमोर ट्रेसा मलिन्स उभी होती. डॉक्टरकीची पदवी हातात होती, पण सर्जन व्हायचं तर कुठल्या तरी हॉस्पिटलानं पाच वर्षांसाठी निवडावं लागतं. मागच्या वर्षी तिला कुणीच निवडलं नव्हतं. परीक्षेचे गुण काय, सगळ्यांनाच असतात. म्हणून ती इथं महिनाभर उमेदवारीला आली होती. उभं राहायचं, धरायचं, सांगितलं तर शिवायचं. आणि कटलिपबाईंच्या मनात भरायचं, म्हणजे यंदा त्या तरी निवडतील.

ती मनात भरत नव्हती. पहाटे सगळ्यांआधी यायची, पेशंटची नावं, त्यांच्या नातवंडांची नावं, सगळं पाठ. पण सुई हातात आली की बैलगाडी. नर्स रॉस्को तिला प्रेमानं ‘कासवताई’ म्हणायचा. आज उमेदवारीचा शेवटचा दिवस होता.

“कोण शिवणार आज?” ड्यूईनं विचारलं. “कासवताई असेल तर जेवणाचं आधी सांगून ठेवतो.”

ट्रेसासुद्धा हसली. आणि तेवढ्यात जखमेच्या खोल कोपऱ्यात एक बारीक रक्तवाहिनी तुटली.

फार मोठं काही नव्हतं, पण जागा वाईट होती. मदतीचा निवासी डॉक्टर नुकताच अपघाताच्या पेशंटसाठी खाली धावला होता. कटलिपबाईंचा एक हात रक्त दाबण्यात अडकला, दुसरा स्नायू बाजूला धरण्यात. दोन्ही सोडता येत नव्हते.

“ट्रेसा, टाका घाल.”

रॉस्कोनं सुईचा चिमटा तिच्या उजव्या हातात दिला. तिनं प्रयत्न केला. कोन बसेना. त्या कोपऱ्यात सुई उलटी फिरवावी लागत होती, आणि मनगट वळत नव्हतं. दुसऱ्यांदा केलं. सुई घसरली. जखमेत रक्त साचायला लागलं.

ट्रेसा जन्मापासून डावरी. गेल्या वर्षी दुसऱ्या एका हॉस्पिटलात एक सर्जन सगळ्यांदेखत म्हणाला होता, “डावखुरं माणूस टेबलाशी म्हणजे माझ्या कोपराला शिक्षा. तुझ्यासाठी काय हत्यारं नवी घडवायची?” सगळे हसले होते. तेव्हापासून वर्षभर तिनं उजवा हात घडवला. डुकराच्या पायावर शिवलं, केळ्याच्या सालीवर शिवलं. इथं कुणाला कळू दिलं नव्हतं. जेवतानासुद्धा काटा उजव्या हातात.

आता कळलं तर महिनाभर आपण खोटं वागलो हेही कळणार. म्हणजे ही जागाही गेली.

तिनं चिमटा डाव्या हातात घेतला.

सुई एकदा आत गेली, बाहेर आली. परत एकदा. गाठ. रक्त थांबलं.

रॉस्कोच्या तोंडून “अरेच्चा!” निघालं.

“काय झालं?” ड्यूई घाबरून म्हणाला. “मी गेलो का?”

“नाही रे बाबा,” कटलिपबाई म्हणाल्या. त्यांची नजर ट्रेसाच्या हातावर होती. “आमच्याकडे एक नवी डॉक्टर आलीय, एवढंच.”

पुढचं सगळं ट्रेसानंच शिवलं, डाव्या हातानं. ड्यूईची बडबड संपायच्या आत संपलं.

बाहेर हात धुताना ती म्हणाली, “मॅडम, मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.”

“हवंच होतं,” कटलिपबाई म्हणाल्या आणि हात पुसून निघून गेल्या.

ट्रेसा घरी आली ती जागा गेली असं धरूनच. आईला म्हणाली, “यंदाही राहिलं.” पुन्हा वर्षभर कुठं काम करायचं याचा विचार सुरू केला.

मार्चमध्ये, हॉस्पिटलांच्या निवडीचा निकाल लागला त्या दिवशी, कटलिपबाईंच्याच हॉस्पिटलानं तिला निवडल्याचं कळलं. आईनं शेजारपाजारी ओरडून सांगून होईपर्यंत फोन वाजला.

“जुलैत ये,” कटलिपबाई म्हणाल्या. “आणि काटा कुठल्याही हातात धर, आम्ही बघणार नाही.”

ट्रेसाला हसू आणि रडू एकदमच आलं. “मॅडम, तो डावा टाका इतका आवडला तुम्हाला?”

“कुठला? तो?” पलीकडून खळखळून हसण्याचा आवाज आला. “गाठ सैल होती तुझी, बाई. शिवणं काय, मी अस्वलालाही शिकवीन. पण आपली जागा जाईल हे कळत असताना पेशंटसाठी हात बदलायचा, हे काही मला अजून कुणाला शिकवता आलेलं नाही.”