करजगीला कोण जाणार?

टीव्हीवर एक गमतीचा पिक्चर लागला होता. त्यातला पिकल्या केसांचा हिरो आपल्या जुन्या प्रेयसींची घरं शोधत फिरायचा आणि प्रत्येक दारात फजिती करून घ्यायचा. नात मंजुश्री हसून हसून लोळत होती. “तुमी कुठं गेला असता ओ?” अनसूयाबाईंनी नवऱ्याला चिडवलं. “करजगीला,” गुंडेराव बोलून गेले. अनसूयाबाईंचं हसू तिथंच थांबलं. गुंडेरावांच्याच मंठाळ गावची राजूबाई करजगीला दिली होती आणि तिच्यापायी ते कितीतरी दिवस लग्नाला तयार नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात राजूबाईच्या मुलाचा फोन आला. “आई पहाटे गेली, अप्पा. मामा कुणी उरले न्हाईत. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याबिगर तिला उचलू देईनात बाया. मंठाळचं कुणी बी भाऊ म्हणून येऊ द्या.” गुंडेरावांनी फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. “शेजारच्या शिवप्रसादला धाडतो,” ते म्हणाले. “कामून? तुमाला काय झालंय?” “मी भाऊ न्हाई तिचा.” अनसूयाबाईंनी कपाट उघडलं. भाऊबीजेला त्यांच्या भावानं दिलेलं, अजून घडी न मोडलेलं लुगडं काढून त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. “आज व्हा,” त्या म्हणाल्या. “कवाची वाट बघायलीय ती.”