चढावरचा पहिला

शिंपी सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचला, पण सायकलवरून उतरताना त्याचा पाय जमिनीला लागेना. रस्ता, कठडा, आभाळ, सगळंच गरगरलं. त्यानं हँडल घट्ट धरलं आणि हसू आणून उभा राहिला. पाठोपाठ डॉक्टर आला. तरुणपणापासून दोघं दर रविवारी सायकलनं हा चढ चढत आले होते. शिंपी एकदाही पहिला आला नव्हता.

मागून आलेल्या मंडळींनी एकच गिल्ला केला.

"डॉक्टर, आज शिंप्यानं तुम्हाला पार उसवलं की हो!"

"काय खातोस रे बाबा? आम्हालाही सांग."

"दिसेल ते," शिंपी म्हणाला.

ते खरंच होतं. हल्ली तो दुप्पट जेवायचा, तरी अंग झडत होतं. दुसऱ्या कुणाची पँट अशी कमरेवरून घसरली असती तर तो घाबरला असता. शिंप्यानं स्वतःची पँट दुकानात बसल्याबसल्या आत घेतली. पुन्हा सैल झाली, पुन्हा आत घेतली. मागचे दोन्ही खिसे आता एकमेकांना टेकले होते.

"अहो, कापड संपत आलं," बायको म्हणाली होती. "आता तरी दाखवा कुणाला."

"चढावर वजन कमीच लागतं," म्हणून त्यानं विषय मिटवला होता. मशीनवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, हे तर त्यानं घरात सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर सायकल बंद झाली असती. आणि त्याला एकदा, आयुष्यात एकदा तरी, डॉक्टरच्या पुढे जायचं होतं.

आज पायथ्याशी डॉक्टर म्हणाला होता, "तोंड उतरलंय तुझं. चढ राहू दे, सपाटीनं जाऊ."

"घाबरलास होय?" असं म्हणत शिंप्यानं सायकल हाणली होती.

मंडळी चहा प्यायला गेली. डॉक्टर त्याच्याशेजारी कठड्यावर बसला. त्यानं शिंप्याचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"उद्या सकाळी काही न खाता दवाखान्यात ये. रक्त तपासायचंय."

"हरलास म्हणून सुई टोचणार होय रे?"

डॉक्टर हसला नाही. शिंप्याच्या आता लक्षात आलं, डॉक्टरला धापसुद्धा लागली नव्हती.

"शेवटच्या वळणाला कठडा नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाला. "तिथं तुझी सायकल दोनदा दरीकडे गेली. कळलं का तुला?"

शिंप्याला ते वळणच आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की डॉक्टरचं चाक सारखं बाजूनं पुढे घुसत होतं. म्हणून तर त्यानं उरलासुरला जीव पायांत आणला होता.

"मग पुढे का नाही गेलास?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आणि दरीच्या मध्ये कुणीतरी हवं होतं," डॉक्टर म्हणाला.