दिवेलागणीचा नमस्कार

समुपदेशक ताईंनी पुढ्यात ठेवलेल्या खेळण्यातल्या घरात सात वर्षांच्या शाल्मलीने भिंतीला एक चौकोनी कागद चिकटवला. मग एकेक बाहुली उचलून तिने त्या कागदापुढे वाकवली. सगळ्यांत लहान बाहुली मात्र पलंगाखाली दडवली.

“भिंतीवर काय लावलंस गं?” ताईंनी विचारलं.

“आजोबांचा फोटो.” पलंगाखाली बघत ती पुटपुटली, “ते दुपारी दार लावून घ्यायचे. हिला खूप दुखायचं.”

शेजारी बसलेल्या आईने ते ऐकलं. सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं होतं. रोज दिवेलागणीला त्यांच्या हार घातलेल्या फोटोला नमस्कार करायला पोर नको म्हणायची आणि रोज आई तिची मान धरून वाकवायची. पोरीला वळण नको का?

घरी पोचताच आईने फोटो खाली उतरवला आणि फोडला. नवरा ओरडत राहिला, तिने ऐकलं नाही.

संध्याकाळी दिवा लागला. शाल्मली मुकाट्याने आली आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यापुढे वाकली.

“नको गं बाळा,” म्हणत आईने तिला उठवायला हात पुढे केला.

हात मानेजवळ येताच शाल्मली आणखी खाली वाकली.